थ्रॉटल बॉडीचं पोर्टिंग-पॉलिशिंग घरच्या घरी: काय घासायचं आणि कशाला हात लावायचा नाही

इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवर, पेडल दाबलं की उघडणारी गोल प्लेट ज्या नळीवजा भागात बसते ती थ्रॉटल बॉडी. तिची आतली वाट घासून आकार देणं म्हणजे पोर्टिंग, ती गुळगुळीत करणं म्हणजे पॉलिशिंग. सुरुवात हिशेबापासून करू, कारण गॅरेजच्या कट्ट्यावर या कामाचे जे आकडे ऐकू येतात ते फार उदार असतात. कुणाच्या गाडीला पाच हॉर्सपॉवर वाढलेली असते, कुणाच्या दहा.

मारुती एस्टीम किंवा पहिल्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट, यातलं १२९८ सीसीचं इंजिन घ्या. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढतं. ६००० आरपीएमला मिनिटाला ३८९४ लिटर झाली. सिलिंडर काही शंभर टक्के भरत नाहीत, ८५ टक्के धरा, म्हणजे सुमारे ३३१० लिटर, सेकंदाला ५५. थ्रॉटलच्या बोअरचा, म्हणजे आतल्या गोल वाटेचा, व्यास समजा ४६ मिमी आहे. त्याचं क्षेत्रफळ १६६२ चौरस मिमी. त्यातून प्लेट धरणारा ८ मिमीचा शाफ्ट आडवा गेलाय, तो ३६८ चौरस मिमी अडवतो. उरले १२९४. एवढ्या वाटेने ५५ लिटर हवा जायची तर तिचा वेग सेकंदाला ४२-४३ मीटर होतो आणि त्या वेगापोटी खर्ची पडणारा दाब येतो जेमतेम १ किलोपास्कल. नाशिकला वातावरणाचा दाबच ९४ किलोपास्कलच्या आसपास. म्हणजे थ्रॉटल बॉडी खाऊन खाऊन खाणार किती, तर एक-दीड टक्का. तो सगळाच्या सगळा परत मिळवला (मिळत नाही) तरी ८५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला एखादी हॉर्सपॉवर वाढते.

आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. कसारा घाट उतरून खाली गेलात की इंजिनाला जेवढं फुकट मिळतं, तेवढं या कामातून कधीच मिळणार नाही.

मग करायचं कशाला? एक म्हणजे जुन्या गाडीच्या थ्रॉटलमध्ये काजळी, आत डोकावणारं गॅस्केट, हवेला अडवणाऱ्या पायऱ्या, प्लेट पूर्ण न उघडणं असे दोष साचलेले असतात आणि हे काम करताना ते एकेक करून निघतात. लोक ज्याला पोर्टिंगचा फरक म्हणतात, त्यातला बराचसा भाग हाच. दुसरं, इंजिनावर हेड, कॅम, एक्झॉस्ट असं काही केलं असेल तर हवा वाढते आणि दाबाचा तोटा तिच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तिथे हा टक्का मोजण्यासारखा होतो. आणि तिसरं, हाताने धातू घासून एखादी वस्तू नीट करण्यात मजा आहे. ज्यांना ती नाही त्यांनी थ्रॉटल क्लीनरचा एक डबा आणावा आणि पुढचं वाचू नये.

एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून घ्या. अर्ध्या पेडलवर गाडी चालवता तेव्हा हवेला अडवणारी वस्तू ती प्लेटच असते, तिचं कामच ते आहे. बोअर कितीही गुळगुळीत केला तरी तिथे फरक पडत नाही. पोर्टिंगचा उपयोग पेडल तळाला टेकवल्यावरच. सीबीएस ते कॉलेज रोड सिग्नल-सिग्नल चालणाऱ्या गाडीला याचा उपयोग शून्य.

गरज आहे का, ते आधी मोजा

ओबीडी पोर्ट (गाडीच्या संगणकातले आकडे वाचायचं सॉकेट) असलेल्या गाडीला साधा ईएलएम ३२७ स्कॅनर लावा आणि मॅप सेन्सरचा, म्हणजे थ्रॉटलच्या पुढे हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा पाहा. चावी ऑन, इंजिन बंद असताना दिसतो तो वातावरणाचा दाब. नाशिकला ९३ ते ९५ किलोपास्कल. मग रिकाम्या, सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबून साडेपाच हजार आरपीएमपर्यंत न्या. आकडे शेजारी बसलेल्याने वाचायचे, चालवणाऱ्याने नाही. ९४ चा ९२-९३ झाला तर तुमची थ्रॉटल बॉडी अडवत नाहीये, घासून काही मिळणार नाही. ८७-८८ वर आला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. पण तो थ्रॉटलचाच असेल असं नाही. आधी नवा एअर फिल्टर घालून पुन्हा मोजा. द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर उघडलात तर बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

जुन्या गाडीला ओबीडी नसेल तर मॅनिफोल्डच्या (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम नळीला टी लावून व्हॅक्यूम गेज जोडा. पूर्ण थ्रॉटलला सुई शून्याच्या जवळ यायला हवी.

आणखी एक तपासणी, हिला खर्च काहीच नाही. इंजिन बंद ठेवून फिल्टरकडून येणारा रबरी पाइप काढा, कुणाला तरी आत बसवून पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि प्लेट बघा. ती हवेच्या वाटेला समांतर आली पाहिजे. केबल सैल असेल किंवा पेडलखाली जाड मॅट असेल तर ती दहा-पंधरा अंश तिरकी राहते. केबलचा नट दोन फेऱ्या फिरवून जे मिळतं त्यासाठी लोक ग्राइंडर घेऊन बसलेले मी पाहिलेत.

कोणती बॉडी घ्यायची

फक्त केबलवाली. ड्राइव्ह-बाय-वायर म्हणजे मोटरने उघडणारी थ्रॉटल असेल तर क्लीनरपलीकडे जाऊ नका. तिची बंद स्थिती ईसीयूने (गाडीच्या संगणकाने) शिकून ठेवलेली असते, आत प्लास्टिकचे गिअर असतात आणि प्लेट बोटाने जोर लावून फिरवली तरी ते दुखावतात.

गाडीवरची चालू बॉडी घासायला घेऊ नका. अंबड लिंक रोडच्या बाजूच्या भंगारवाल्यांकडे किंवा द्वारका-वडाळा नाका पट्ट्यातल्या ओळखीच्या गॅरेजमधून त्याच मॉडेलची जुनी बॉडी शोधा. घेताना शाफ्ट वर-खाली हलवून बघा. खडखड वाजला, हाताला खेळ जाणवला, तर ती परत ठेवा; झिजलेल्या शाफ्टमधून हवा शिरते आणि आयडल, म्हणजे पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, कधीच स्थिर राहत नाही. सेन्सर असलेली मिळाली तर उत्तम, नसली तरी तुमचे सेन्सर तिला बसतात का ते तिथेच जुळवून पाहा. काम फसलं तर गाडी सोमवारी सकाळी मूळ बॉडीवर सुरू होते, हा यातला मोठा फायदा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून आरसी बुकातला तपशील फारकत घेईल असा बदल करता येत नाही. गाडी पीयूसीत पास झालीच पाहिजे. वॉरंटीतल्या गाडीवर हे करू नका, आणि विमा कंपनी उद्या काय विचारेल याचाही विचार करून ठेवा.

सामान

०.०२ मिमी मोजणारा व्हर्निअर. रोटरी टूल किंवा छोटा डाय ग्राइंडर, वेग कमी-जास्त करता येणारा. ॲल्युमिनियमसाठीचा मोठ्या दातांचा कार्बाइड बर (ग्राइंडरमध्ये बसवायचं धातू कापणारं टोक). लोखंडासाठीचा बारीक दातांचा बर ॲल्युमिनियमने दोन मिनिटांत भरून जातो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक टूल्सच्या दुकानांत 'ॲल्युमिनियम कट' म्हटलं की देतात. फ्लॅप व्हील (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांचं चाक), ८० पासून ४०० पर्यंतचे पॉलिश पेपर, अर्धगोल बारीक कानस, मार्कर, टोकदार स्क्रायबर, थ्रॉटल क्लीनर, नवं गॅस्केट, प्लेटचे नवे स्क्रू, लॉकटाइट २४३ (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद). जपानी घराण्यातल्या गाड्यांचे स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरने सोलले जातात, त्यासाठी जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा ड्रायव्हर घ्या.

चष्मा आणि एन-९५ मास्क लावल्याशिवाय ग्राइंडर सुरू करायचा नाही. ॲल्युमिनियमची बारीक धूळ फुफ्फुसात जाते आणि पेटते सुद्धा. ज्या टेबलावर ती साचली आहे तिथे लोखंड घासून ठिणग्या उडवू नका. आधी झाडून घ्या.

मूळ बॉडी काढणं

इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. रबरी पाइप, केबल, सेन्सरचे कनेक्टर, व्हॅक्यूम नळ्या; प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून नंबर घाला आणि मोबाइलवर फोटो काढा. बऱ्याच बॉड्यांच्या पोटातून कूलंटची वाट जाते. त्या दोन नळ्या काढताना थोडं कूलंट सांडणारच, खाली भांडं ठेवा, आणि रेडिएटर गरम असताना याच्या वाटेला जाऊ नका. बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे करून सैल करा. बॉडी निघाली की मॅनिफोल्डचं तोंड लगेच स्वच्छ कापडाने बंद करा. तिथे पडलेला एक वॉशर थेट व्हॉल्व्हपर्यंत जातो.

धुणं, आणि तो काळसर थर

भंगारातून आणलेली बॉडी आधी उघडी करा. टीपीएस म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर काढण्याआधी त्याच्या जागेवर स्क्रायबरने रेघ मारा, नंतर त्याच रेघेवर बसवायचा आहे. आयडल व्हॉल्व्ह (प्लेट बंद असताना इंजिनाला हवा देणारा) काढा, रबरी ओ-रिंगा वेगळ्या ठेवा. सेन्सरवर क्लीनर मारू नका.

मग मऊ ब्रश आणि क्लीनरने काजळी काढा. इथे घाई करणाऱ्याचा घात होतो. प्लेट ज्या भागात बंद होते तिथे अनेक बॉड्यांना कारखान्यातच काळसर-करडा लेप दिलेला असतो, मॉलिब्डेनमयुक्त. तो प्लेटच्या काठाभोवतीची बारीक फट बंद करतो. कापडाला काळं लागून निघते ती काजळी. क्लीनरने न निघता मंद, सारखा राहतो तो लेप. त्याला स्कॉचब्राइट, वायर ब्रश, पॉलिश पेपर यांतलं काहीही लावायचं नाही.

निषिद्ध पट्टा आखून घ्या

या साऱ्या कामातली महत्त्वाची पायरी ही आणि ती मार्करने होते.

प्लेट बंद असताना बोअरला काटकोनात नसते, काही अंश तिरकी बसते. तिचा घेर त्यामुळे किंचित लंबगोल असतो आणि काठ उताराचा घासलेला असतो. म्हणजे ती बोअरला ज्या रेषेवर टेकते ती एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली अशी जाते. प्लेट बंद करा, दोन्ही बाजूंनी काठालगत मार्कर फिरवा. वरच्या सर्वात उंच बिंदूच्या ६ मिमी वर आणि खालच्या सर्वात खोल बिंदूच्या ६ मिमी खाली आडव्या रेघा मारा. या दोन रेघांमधला पट्टा म्हणजे निषिद्ध क्षेत्र. त्यात बर नाही, फ्लॅप व्हील नाही, पॉलिश नाही.

का, त्याचाही हिशेब आहे. या पट्ट्यात सभोवार फक्त ०.०५ मिमी धातू गेला, म्हणजे कागदाच्या जाडीच्या निम्म्याइतका, तर ४६ मिमी बोअरमध्ये बंद प्लेटच्या कडेने ७ चौरस मिमीहून जास्त फट तयार होते. ३ मिमी व्यासाचं भोक पाडल्यासारखंच. आयडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तरी तेवढी हवा आत जात राहणार आणि गाडी सिग्नलला दीड हजारावर गुरगुरत उभी राहणार. ते परत भरून काढता येत नाही. मग मोठा बोअर आणि नवी प्लेट, म्हणजे लेथचं काम.

या पट्ट्याच्या आसपास एक-दोन बारीक भोकं दिसतील. ती व्हॅक्यूमची. प्लेटच्या काठापासून त्यांचं अंतर मुद्दाम ठरवलेलं असतं. मोठी करायची नाहीत, कडा गोल करायच्या नाहीत. आयडलची बायपास वाट फक्त स्वच्छ करायची.

प्लेट काढायची की नाही

प्लेट जागेवर ठेवून तोंडाची कड आणि गॅस्केटची बाजू करता येते, पण कीस शाफ्टच्या सीलमध्ये शिरतो. मी काढण्याच्या बाजूचा आहे, मात्र काढलीत तर परत बसवण्याची जबाबदारी पूर्ण घ्यायची.

प्लेटचे दोन स्क्रू मागच्या बाजूने ठोकून पसरवलेले असतात, सुटून इंजिनात जाऊ नयेत म्हणून. ती पसरलेली टोकं आधी बारीक कानसीने घासून काढा, मग फिरवा. तशीच जोर लावून फिरवलीत तर शाफ्टमधले आटे जातात किंवा स्क्रूचं डोकं तुटतं. शाफ्टला खालून लाकडाचा आधार द्या, नाहीतर तो वाकतो. काढण्याआधी प्लेटवर खूण: वरची बाजू कोणती, आणि कोणतं टोक कोणत्या दिशेला. उलटी बसवलेली प्लेट बंद होत नाही. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू (प्लेट कुठपर्यंत बंद व्हावी ते ठरवणारा) मागे घ्यावा लागला तर किती फेऱ्या घेतला ते लिहून ठेवा. शाफ्ट काढू नका. त्याच्या दोन्ही टोकांना, सीलवर, मास्किंग टेप लावून टाका.

तोंडाची बाजू

खरी कमाई इथे आहे. रबरी पाइपातून हवा येते तिथे बॉडीची कड बहुतेक वेळा चौकोनी, कास्टिंगची, खरबरीत असते. हवा तीक्ष्ण कडेवरून आत वळताना भिंतीपासून सुटते आणि वाट आतून अरुंद होते. ती कड ३ ते ५ मिमी त्रिज्येने गोल करायची. त्याआधी व्हर्निअरने भिंतीची जाडी चार ठिकाणी मोजा. कुठेही ३ मिमीपेक्षा पातळ होणार असेल तर तेवढ्या त्रिज्येचा नाद सोडा. बाहेरच्या अंगाला पाइप धरून ठेवणारी जी उंचवट्याची कड असते तिला स्पर्श नको, क्लॅम्प तिच्यामुळेच टिकतो.

बर मेणबत्तीवर घासून घ्या, मेणामुळे ॲल्युमिनियम दातांत अडकत नाही. डब्ल्यूडी-४० चा फवारा मारलात तरी चालतं. बॉडी व्हाइसमध्ये लाकडाच्या पट्ट्यांमध्ये धरा, आवळून नाही, नाहीतर बोअर लंबगोल होतो. बर एका जागी थांबवू नका. घेराभोवती सलग फिरवत राहा, हलक्या हाताने. थांबलात की खड्डा, आणि खड्डा बुजवायला सगळीकडून तेवढाच धातू काढावा लागतो. चौथाई घेर झाला की थांबून बोट फिरवा. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला लागतं.

गोल कडेपासून निषिद्ध पट्ट्याच्या रेघेपर्यंत हळूहळू निमुळता होणारा उतार ठेवा. रेघेजवळ शेवटचे ३-४ मिमी बर बाजूला ठेवून पेपरनेच करा.

काही जण इथे प्लेटच्या अगदी काठापर्यंत उतार आणतात. त्याने पेडल जरासं दाबलं की जास्त हवा मिळते आणि 'पिकअप वाढला' असं वाटतं. ताकद तितकीच असते, पेडल फक्त उतावळं होतं. गर्दीत गाडी झटके देत चालते. मला हा प्रकार आवडत नाही.

शाफ्ट आणि स्क्रू

शाफ्टने ३६८ चौरस मिमी अडवले होते हे आठवून अनेकांचा हात तिकडे वळतो. शाफ्ट दोन्ही बाजूंनी घासून ८ चा ५ मिमी केला तर वाट दहा टक्क्यांनी रुंद होते, कागदावर. पण शाफ्टमध्ये प्लेटसाठी आधीच खाच आहे, त्यात स्क्रूची भोकं. उरलेला धातू आधीच थोडा, तोच तुम्ही कमी करणार. पेडल सोडल्यावर स्प्रिंगच्या जोराने प्लेट दर वेळी आपटते, वर्षानुवर्षे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा शाफ्ट घासू नका. ट्रॅकवर फिरणाऱ्यांनी घासावा, त्यांच्याकडे इंजिन तत्काळ बंद करणारा किल स्विच असतो.

मागे बाहेर आलेली स्क्रूची टोकं मात्र कमी करता येतात. मोजून आखूड नवे स्क्रू घ्या. टोक शाफ्टच्या पृष्ठाच्या अर्धा-एक मिमी बाहेर राहू द्या, कारण तेच पुन्हा पसरवायचं आहे.

प्लेटचा काठ चाकूसारखा करण्याचा सल्लाही मिळेल. ऐकू नका. तो काठच सील आहे.

मॅनिफोल्डची बाजू

नवं गॅस्केट बॉडीच्या खालच्या तोंडावर बोल्टांच्या मदतीने बसवा आणि आतून स्क्रायबर फिरवा. मग तेच गॅस्केट मॅनिफोल्डवर धरून पाहा. बऱ्याचदा गॅस्केट एक-दोन मिमी आत डोकावत असतं; ते धारदार ब्लेडने कापलं की काम झालं, धातूला हात लावायची वेळच येत नाही.

पायरी असेल तर तिची दिशा बघा. हवा अरुंद बोअरमधून किंचित रुंद मॅनिफोल्डमध्ये जात असेल तर फार बिघडत नाही. उलट असेल, म्हणजे मॅनिफोल्डची कड वाटेत उभी असेल, तर ती हवेच्या थेट तोंडावर येते आणि तिथे काम करण्यासारखं आहे. पण मॅनिफोल्ड इंजिनावर असताना त्यात बर घालायचा नाही. चिंधी कोंबून, ग्रीस लावून, व्हॅक्यूम क्लीनर धरून, कसंही नाही. ॲल्युमिनियमचा कीस सिलिंडरमध्ये गेला की भिंतीवर ओरखडे. मॅनिफोल्ड खाली उतरवायचा असेल तर करा, नाहीतर पायरी राहू द्या. प्लास्टिकचा मॅनिफोल्ड असेल तर विषयच मिटला.

बॉडीच्या या टोकाला निषिद्ध पट्ट्याखाली उतार देताना तो मंद ठेवा, दोन्ही बाजू मिळून ७ ते १० अंश. जास्त वेगाने रुंद केलं की हवा भिंत सोडते आणि घासलेली जागा वाया जाते. गॅस्केट ज्या सपाट पृष्ठावर बसतं त्यावर बर चुकूनही घसरू देऊ नका. आधी तिथे टेपचे दोन थर लावा.

पॉलिश किती

फ्लॅप व्हीलने बरच्या रेघा काढा, मग ८०, १२०, १८०, २४० आणि शेवटी ४०० चा पेपर रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० मध्ये भिजवून बोटाभोवती गुंडाळून. पुढचा नंबर मागच्याच्या आडव्या दिशेने फिरवा, म्हणजे मागचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते दिसतं. ४०० वर थांबा. चेहरा दिसेल इतकं चकाकवण्याने हवेला काही फरक पडत नाही. पृष्ठापेक्षा आकार महत्त्वाचा. एमपीएफआय गाडीत इथून नुसती हवा जाते, पेट्रोल पुढे व्हॉल्व्हपाशी फवारलं जातं, त्यामुळे 'थेंब चिकटतात' हा कार्ब्युरेटरच्या काळातला मुद्दाही इथे लागू नाही. फोटोसाठी चकाकी हवी असेल तर बफ करा, गैर काही नाही.

धुणं, परत एकदा

टेप काढा. गरम पाणी, भांड्याचा साबण, ब्रश. प्रत्येक भोकातून, व्हॅक्यूमच्या नळीतून, कूलंटच्या वाटेतून पाणी, मग क्लीनर, मग कॉम्प्रेसरची हवा. शेजारच्या पंक्चरवाल्याकडे हवा मारून मिळते, पण त्याच्या टाकीतलं पाणी उडतं. घरी आणून पुन्हा वाळवा. पांढरं सुती कापड आतून फिरवा. करडा डाग दिसला तर पुन्हा धुवा. हे तीनदा करावं लागलं तरी कंटाळू नका.

प्लेट बसवणं

प्लेट खुणेप्रमाणे खाचेत घाला, स्क्रू अर्धवट लावा. थ्रॉटल बंद करून प्लेटला आपोआप मध्यावर बसू द्या. तीन-चार वेळा उघडून स्प्रिंगने बंद होऊ द्या, बोटाने हलकं टिचका. मागून टॉर्च धरा. काठाभोवती प्रकाशाची रेघ सगळीकडे सारखी आणि केसासारखी बारीक असली पाहिजे. एका बाजूला जाड, एका बाजूला नाहीच, असं असेल तर पुन्हा सैल करा. जमलं की एकेक स्क्रू काढून, आटे क्लीनरने कोरडे करून, लॉकटाइटचा एक थेंब लावून घट्ट करा. मग शाफ्टला भक्कम आधार देऊन स्क्रूची टोकं छोट्या पंचाने पसरवा. नुसत्या लॉकटाइटवर विसंबू नका, आणि ही पायरी कुणी गाळा म्हटलं तर त्याच्याकडून गाडीचं कुठलंच काम करून घेऊ नका. इथून सुटलेला स्क्रू थेट पिस्टनवर जाऊन पडतो. स्टॉप स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर परत आणा.

आता नुसत्या हाताने लिव्हर उघडून सोडा. प्लेट ठक आवाज करत बंद झाली पाहिजे, प्रत्येक वेळी. पंधरा-वीस वेळा करा. मग अगदी हळू, केसभर उघडून सोडा. अडकते ती इथेच अडकते. ही चाचणी थंडीतल्या पहाटे पुन्हा करा, कारण पितळी प्लेटपेक्षा ॲल्युमिनियमचा बोअर गारठ्याने जास्त आकसतो आणि मधली फट कमी होते. निफाडकडच्या मंडळींनी तर नक्कीच. कुठेही अटकली तर ती बॉडी गाडीवर चढवायची नाही. उघडी अडकलेली थ्रॉटल म्हणजे ब्रेकवर भरवसा ठेवून उतारावर जाणं.

गाडीवर चढवणं

टीपीएस रेघेवर बसवा. नवं गॅस्केट, बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे. कंपनीचा आकडा हाती नसेल तर एम६ ला साधारण १० आणि एम८ ला २० न्यूटन-मीटर. ॲल्युमिनियमचे आटे आहेत, हाताचा जोर आवरा. केबलला काही मिमी ढिलाई ठेवा आणि पेडल तळाला असताना प्लेट पूर्ण उघडते ना ते पुन्हा पाहा. कूलंट भरा, हवा काढा.

चावी ऑन करून मल्टिमीटरने टीपीएसच्या सिग्नल वायरवर व्होल्टेज बघा: बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.५, आणि मध्ये कुठेही उडी न मारता चढत जायला हवं.

मग सुरू करा. पहिली दोन मिनिटं आयडल वर-खाली होईल, बॅटरी काढल्यामुळे ईसीयू नव्याने शिकत असतो. एसी, हेडलाइट बंद ठेवून, पंखा एकदा फिरून बंद होईपर्यंत गाडी आयडलवर राहू द्या. त्यानंतरही आयडल चढलेलं असेल तर स्टॉप स्क्रूला हात घालण्याआधी हवेची गळती शोधा. गॅस्केटच्या कडेने आणि नळ्यांच्या टोकांवर साध्या स्प्रे बाटलीने पाण्याचा फवारा मारा. सूं आवाज क्षणभर थांबला किंवा आयडल बदललं तर गळती तिथे आहे. गळती नाही, प्लेट नीट बंद आहे, तरी आयडल जास्त, म्हणजे निषिद्ध पट्टा घासला गेलाय. मूळ बॉडी परत चढवा.

पहिली फेरी त्र्यंबक रोडला पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, आणि सुरुवातीला पेडल अर्ध्यापर्यंतच. गाडी गरम झाली की थांबून बॉनेट उघडा, केबल हाताने ओढून प्लेट परत येते का ते बघा. मग दुसऱ्या गिअरमधली तीच चाचणी, त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, आणि मॅपचा आकडा जुन्या आकड्याशेजारी लिहा. ९१ चा ९२ झाला तर काम उत्तम झालंय. स्टॉपवॉचवर फरक दिसेलच असं नाही.

पीयूसी लगेच करून घ्या. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम, बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. आकडा नुसता पास असून चालणार नाही, मागच्या पावतीशी ताडून पाहा. हायड्रोकार्बन एकदम चढलेलं असेल तर कुठून तरी न मोजलेली हवा आत येते आहे.

पाचशे किलोमीटरनंतर रबरी पाइप काढून टॉर्चने प्लेटचे दोन स्क्रू बघा, पुन्हा पावसाळ्याआधी बघा. आणि मूळ बॉडी तिचे बोल्ट, जुनं गॅस्केट सगळं एका पिशवीत, वर गाडीचं मॉडेल लिहून, माळ्यावर ठेवून द्या. गाडी विकताना किंवा फिटनेसला नेताना ती लागेल.